आधी दोन घरं, मग चौक: कर्कवॉलच्या टँकरनेस हाउसचं प्रकरण

ऑर्कनी हा स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडचा द्वीपसमूह. त्याचं मुख्य शहर कर्कवॉल. तिथल्या सेंट मॅग्नस कॅथीड्रलच्या पश्चिम दारातून बाहेर पडलं की ब्रॉड स्ट्रीट लागतो आणि रस्ता ओलांडला की समोरच टँकरनेस हाउस. रस्त्याकडे कमानीचं प्रवेशद्वार, आत दगडी फरशीचा चौक, चौकाभोवती पायऱ्यापायऱ्यांच्या माथ्याच्या भिंती. स्कॉटलंडच्या वारसा यादीत हे घर सर्वांत वरच्या, म्हणजे 'ए' श्रेणीत आहे. सोळाव्या शतकातली शहरी घरं तिथे फारशी उरलेली नाहीत आणि जी उरली त्यांच्यात या घराचं नाव हमखास घेतलं जातं.

या प्रकरणात मला एकच प्रश्न तपासायचा आहे: याला सगळे 'चौकाचं घर' म्हणतात, पण हा चौक कुणी आखला होता का? माझं उत्तर 'नाही' असं आहे. इथे आधी दोन स्वतंत्र घरं होती. मालकी बदलली, धर्म बदलला, पैसा आला, मग ती दोन घरं एकमेकांकडे सरकत गेली आणि मधल्या मोकळ्या जागेचा चौक झाला. एकदा हे ध्यानात आलं की घराच्या बऱ्याच विचित्र वाटणाऱ्या गोष्टींचा उलगडा होतो. १९६८ साली या घराचं संग्रहालय करताना जे प्रश्न उभे राहणार होते, त्यांचंही मूळ तिथेच सापडतं.

जागा आणि वारा

कर्कवॉल साधारण ५९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटी दिवस जेमतेम सहा तासांचा आणि भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून साडेसात अंशांच्या वर जात नाही. उन्हाळ्यात जूनमध्ये तोच सूर्य दुपारी सुमारे साडेचोपन्न अंशांवर येतो. पुण्यात डिसेंबरच्या दुपारी तो ४८ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे आपल्याकडच्या ऐन थंडीतल्या दुपारचं ऊन आणि कर्कवॉलच्या ऐन उन्हाळ्यातलं ऊन यांच्या उंचीत फार फरक नाही.

हा हिशेब इथे मुद्दाम मांडला, कारण 'चौक' म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे वाडा उभा राहतो. वाड्याचा चौक उजेड आणि हवा आत घेतो. पावसाचं पाणी तिथे पडतं, सोप्यावर बसलेल्या माणसांना त्याचा गारवा मिळतो, घराचं तोंडच चौकाकडे असतं. कर्कवॉलच्या चौकातून यातलं काहीच मिळत नाही. साडेसात अंशांवरचा सूर्य दोन मजली भिंतीमागे सहज दडतो, त्यामुळे हिवाळ्याचे कित्येक आठवडे चौकातल्या फरशीला ऊन लागत नाही. हवा आत आणायची तर गरजच नाही, ती बाहेर ठेवण्याचीच धडपड. ऑर्कनीत वारा कधी थांबत नाही असं म्हटलं तरी चालेल. जानेवारी १९५२ च्या वादळात तिथल्या शेतकऱ्यांची कोंबड्यांची खुराडी हजारोंनी उडून गेली आणि बेटांवरचा अंड्यांचा भरभराटीचा धंदा हादरला. झाडं वाढत नाहीत ती याच वाऱ्यामुळे. कर्कवॉलच्या मुख्य रस्त्यावर एक जुनं सायकॅमोरचं झाड आहे. ते तिथे सर्वांना ठाऊक आहे आणि त्याचं नावच 'मोठं झाड' आहे. झाडांचं दुर्भिक्ष किती, हे एवढ्यावरून कळावं.

अशा ठिकाणी भिंतींच्या आड सापडलेली चार पावलांची निवांत जागा म्हणजे मोठी मिळकत. गाडी उभी करायची, पोती उतरवायची, जळणासाठीची पीट (दलदलीतून कापून वाळवलेली माती) रचायची, दार उघडताना ते वाऱ्याने हातातून सुटू नये, या सगळ्यासाठी चौक. त्याचा उपयोग कामाचा आहे, बसण्याउठण्याचा नाही. खिडक्या लहान का, माणसांच्या बैठकीच्या खोल्या वरच्या मजल्यावर का, याचंही कारण हेच.

घराच्या मागची बाजूही विसरून चालणार नाही. पश्चिमेला जमीन उतरत जाते आणि तिथे आज 'पीडी सी' नावाचं उथळ पाणी आहे. पूर्वी हे पाणी आजच्यापेक्षा बरंच आत यायचं. भराव घालून त्याला मागे हटवलं गेलं. ब्रॉड स्ट्रीटच्या या बाजूच्या घरांच्या बागा तेव्हा जवळपास किनाऱ्यापर्यंत पोचत. म्हणजे पुढे कॅथीड्रल, मागे भरती-ओहोटीचं पाणी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत घरं. अशा पट्टीत घर रुंदीला वाढत नाही. ते रस्त्याला काटकोनात, मागे मागे लांबत जातं. कर्कवॉलच्या जुन्या गल्ल्यांमधून अजूनही हेच दिसतं: घराची त्रिकोणी माथ्याची भिंत रस्त्याकडे आणि बाजूने आत जाणारं बोळ.

पाद्र्यांची घरं

सेंट मॅग्नस कॅथीड्रलची पायाभरणी ११३७ सालची. नॉर्स अर्ल (सरदार) रॉन्वाल्ड याने ते आपला मामा मॅग्नस याच्या स्मरणार्थ सुरू केलं. तांबडा आणि पिवळा वालुकाश्म आळीपाळीने लावून उभं केलेलं हे मंदिर एवढ्या छोट्या बेटावर एवढं मोठं कसं, याचं आश्चर्य आजही वाटतं. ऑर्कनी तेव्हा नॉर्वेच्या सत्तेखाली होतं. १४६८ साली डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने मुलीच्या हुंड्यापोटी ही बेटं स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण ठेवली. ती पुढे कधी सोडवली गेली नाहीत. १४८६ मध्ये तिसऱ्या जेम्स राजाने कर्कवॉलला शहराची सनद दिली आणि कॅथीड्रल शहराच्या हवाली केलं. ते आजही चर्चच्या मालकीचं नाही, शहराचं आहे. पुढच्या गोष्टीत ही मालकी कामाला आली, असं मला वाटतं. स्कॉटलंडमध्ये धर्मसुधारणेच्या, म्हणजे कॅथलिक पंथ सोडून प्रोटेस्टंट होण्याच्या, लाटेत किती तरी मोठी मंदिरं मोडकळीला आली, पण हे टिकलं. आणि कॅथीड्रल टिकलं म्हणून त्याच्यासमोरच्या घरांना पत राहिली.

१५४१ साली रॉबर्ट रीड ऑर्कनीचा बिशप झाला. शिस्तीचा, कायद्याच्या डोक्याचा माणूस. पुढे स्कॉटलंडच्या वरिष्ठ दिवाणी न्यायालयाचं अध्यक्षपदही त्याच्याकडे आलं. १५४४ मध्ये त्याने कॅथीड्रलची घडी नव्याने बसवली: प्रोव्होस्ट, आर्चडीकन (बिशपचा वरिष्ठ सहायक), गायनप्रमुख, चान्सलर, खजिनदार, उपडीन आणि उपगायक अशी सात मानाची पदं ठरली आणि प्रत्येकाची कामं लिहून दिली. उपगायकाने दर रविवारी आणि सणासुदीला ऑर्गन वाजवायचा, इतक्या बारकाईने.

टँकरनेस हाउसची दक्षिण बाजू हे मूळचं आर्चडीकनचं घर आणि उत्तर बाजू उपगायकाचं. दोघांचं काम समोरच, रस्ता ओलांडून. दोघांचा संसार मात्र वेगळा, उत्पन्न वेगळं, चूल वेगळी. ही दोन घरं एकमेकांशेजारी होती, एकत्र नव्हती. मधली जागा तेव्हा फार तर जाण्यायेण्याची असेल. आजचा आराखडा पाहताना दोन्ही बाजूंची उंची, खोल्यांच्या पातळ्या आणि जाडजूड भिंतींच्या जागा जुळत नाहीत हे खटकतं. पण त्या जुळाव्यात तरी का? त्या कधी एका हाताने बांधल्याच गेल्या नव्हत्या.

१५७४ ची कमान

१५६० साली स्कॉटलंडच्या संसदेने पोपची सत्ता झुगारली. ऑर्कनीत बिशप ॲडम बॉथवेल नव्या धर्माच्या बाजूने गेला. तिथला आर्चडीकन गिल्बर्ट फुल्झी हाही फार वाट न पाहता नव्या व्यवस्थेत आला. कर्कवॉलचा शेवटचा कॅथलिक आर्चडीकन आणि पहिला प्रोटेस्टंट पाद्री, असं दोन्ही त्याच्या नावावर आहे. माणूस तोच, मंदिर तेच, राहायची जागाही तीच. पण चर्चची मालमत्ता आता खासगी हातांत जाऊ लागली होती. जे घर पदाबरोबर मिळायचं आणि पदाबरोबर जायचं, ते आता मुलाबाळांना ठेवता येणार होतं.

फुल्झीने रस्त्याकडे कमान उभारली आणि तिच्यावर १५७४ हे साल घातलं. कमानीवर त्याचं कुलचिन्ह आहे आणि त्याच्याबरोबर त्याच्या बायकोचं, एलिझाबेथ किनार्डचं.

या पाटीपाशी जरा थांबायला हवं. घरावर नवरा-बायको दोघांची कुलचिन्हं आणि साल कोरणं ही स्कॉटलंडमध्ये रूढ पद्धत होती. व्यापारी, जमीनदार सगळे ते करत. पण इथे घरमालक पाद्री आहे. चौदा-पंधरा वर्षांपूर्वी या माणसाला उघडपणे लग्न करता आलं नसतं. आर्चडीकनच्या घरावर बायकोचं कुलचिन्ह ही कल्पनाच पाप ठरली असती. आणि आता ती चिन्हं कॅथीड्रलच्या मुख्य दारासमोर आहेत, प्रार्थनेला येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतील अशी. प्रवचनात जे सांगायचं ते फुल्झीने दगडात सांगून टाकलं: पाद्र्याचा संसार आता मान्य आहे आणि हे घर त्या संसाराचं आहे. धर्मसुधारणेबद्दलची बरीच कागदपत्रं वाचूनही जे नीट उमगत नाही ते ही एक पाटी दाखवते.

वास्तूच्या दृष्टीने पाहिलं तर ही कमान घराच्या इतिहासातली सर्वांत निर्णायक हालचाल आहे. दोन घरांच्या मधल्या जागेला तिने रस्त्याकडून तोंड दिलं. एक दार, एक उंबरा, एक नाव. आतल्या भिंती तेव्हा कशाही असोत, बाहेरून पाहणाऱ्यासाठी ते त्या दिवसापासून एक घर झालं. खोल्या जोडून घर मोठं करणं सावकाश, खर्चाचं काम. दारावर कमान चढवणं त्या मानाने स्वस्त, पण तिने घराचा दर्जा ताबडतोब बदलतो. फुल्झीला हे नेमकं कळलेलं दिसतं. मला या घरातली सर्वांत हुशार गोष्ट हीच वाटते.

या दारासमोरच्या रस्त्याचा एक कडक अनुभव वर्षातून दोनदा येतो. नाताळच्या आणि नववर्षाच्या दिवशी कर्कवॉलमध्ये 'बा' नावाचा खेळ होतो. कॅथीड्रलसमोरच्या क्रॉसपाशी चामड्याचा चेंडू फेकला जातो आणि 'अपीज' व 'डूनीज' अशा दोन तटांचे शेकडो लोक एकमेकांना रेटत तासन्‌तास तो ढकलत राहतात. खेळाआधी रस्त्यावरच्या दुकानांच्या आणि घरांच्या दारा-खिडक्यांवर जाड लाकडी अडसर ठोकतात. जाड दगडी भिंती आणि रस्त्याकडे कमी तोंडं, हा जुना रिवाज इथे अजून उपयोगी पडतो.

दगड

ऑर्कनीच्या घरांविषयी बोलायचं आणि दगडाविषयी गप्प राहायचं हे शक्य नाही, कारण तिथे घर बांधायला दुसरं काही नव्हतंच. लाकूड नॉर्वेहून जहाजाने यायचं किंवा समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेलं मिळायचं. दोन्ही महाग, दोन्ही बेभरवशाचं. दगड मात्र पायाखाली.

हा दगड डेव्होनियन काळातला, साधारण ३८ ते ३९ कोटी वर्षांपूर्वीच्या एका विशाल सरोवराच्या तळाशी थर थर साचून झालेला. तो थरांनी फुटतो. पहार घातली की सपाट फळीसारखा निघतो, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत. तासावं लागत नाही, फारसं घडवावंही लागत नाही. म्हणूनच ऑर्कनीतल्याच पाच हजार वर्षांपूर्वीच्या स्कारा ब्रे गावात दगडी पलंग आणि दगडी फडताळं बांधता आली. त्याच दगडाने सोळाव्या शतकातले गवंडी काम करत होते आणि हातोटीही फार वेगळी नव्हती. एक थर, त्याच्यावर दुसरा, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, मोठ्या दगडांमधल्या फटीत पातळ कपच्या ठोकायच्या. भिंतीत आडव्या रेषा इतक्या दाट दिसतात त्या यामुळे.

पण या दगडाचा एक दोष आहे. त्याच्यावर कोरीवकाम होत नाही. छिन्नी लागली की थर सुटतो. कुलचिन्ह, गोलाई, कमानीची कड यांसाठी एकसंध वालुकाश्म लागतो. तो मऊ, सर्व बाजूंनी सारखा कापता येणारा. कॅथीड्रलला लावलेला तांबडा दगड शहराजवळच्या हेड ऑफ हॉलंड इथला आणि पिवळा ईडे बेटावरचा. म्हणून कर्कवॉलच्या जुन्या घरांत भिंत एका दगडाची आणि दाराची नक्षी दुसऱ्या दगडाची, असं दिसतं. नक्षी हा तिथे सरळ सरळ वाहतुकीचा खर्च होता. कोरीवकाम कमी का, याचं उत्तर अभिरुचीत शोधण्याआधी बोटीच्या भाड्यात शोधावं.

पायऱ्यापायऱ्यांची गेबल, म्हणजे त्रिकोणी माथ्याची भिंत, हीसुद्धा या दगडाला सोयीची. छपराच्या उताराबरोबर भिंतीची कड तिरकी कापायची तर थराने फुटणारा दगड साथ देत नाही. त्यापेक्षा एकेक सपाट दगड मागे सरकवत पायऱ्या करत जावं. शिवाय भिंत छपराच्या वर थोडी उचललेली राहते, त्यामुळे छपराच्या कडेखाली वारा शिरत नाही. अशा पायऱ्या सगळ्या स्कॉटलंडभर आहेत, त्या ऑर्कनीची खासियत नव्हेत. पण इथे त्यांना दगडानेही कौल दिला आणि वाऱ्यानेही.

छपरालाही हाच दगड. जाड, जड पाट्या एकमेकींवर चढवलेल्या. वजनामुळे त्या उडत नाहीत, पण त्याच वजनाने खालच्या लाकडावर जन्मभर ताण राहतो. भिंतीवर चुन्याचा खडबडीत गिलावा, त्याला तिकडे हार्लिंग म्हणतात. हा गिलावा पावसाचा मारा अंगावर घेतो आणि भिंतीत शिरलेली ओल बाहेर जाऊ देतो. जुन्या दगडी घरांना नंतरच्या काळात सिमेंटचा गिलावा दिला, दगडांमधल्या फटी सिमेंटने भरल्या, की ओल आत अडकते आणि दगडाचे थर सुटू लागतात. जतनाचं काम करणाऱ्या कुणालाही हे अनुभवाने माहीत असतं. थरांच्या दगडाला तर हा मार दुपटीने बसतो.

बेकी घराणं

१६४१ साली हे घर टँकरनेसच्या जेम्स बेकीने घेतलं. टँकरनेस ही कर्कवॉलच्या पूर्वेकडची जहागीर. घराला आजचं नाव त्या जमिनीवरून मिळालं. पुढची तीनशे वर्षं ते बेकी घराण्याकडे राहिलं.

दोन घरांचं खऱ्या अर्थाने एक घर होण्याचं काम या काळातलं. श्रीमंत घराण्याला शहरात लागतं काय? पाहुण्यांना बसवण्याची मोठी खोली, हिशेबाची जागा, नोकरांची सोय आणि कोठार. ऑर्कनीत सारा आणि खंड बराच काळ पैशांऐवजी मालाच्या रूपाने भरला जाई: बेअर जातीचं जव, माल्ट, लोणी, तेल. ते सगळं कुठे तरी उतरवून, मोजून, ठेवावं लागे. चौकाला असा धंद्याचा उपयोग मिळाल्यावर त्याच्याभोवतीच्या बाजू भरत जाणं स्वाभाविक होतं. पाद्र्यांच्या काळात जो दोन घरांमधला रिकामा भाग होता तो जमीनदारांच्या काळात घराचा मध्य झाला.

अठराव्या शतकाच्या शेवटापासून १८३० च्या सुमारापर्यंत ऑर्कनीच्या जमीनदारांना समुद्रशेवाळ जाळून केलेल्या राखेने मालामाल केलं. काच आणि साबणाच्या कारखान्यांना ती राख लागे. शेवाळ गोळा करण्याचे आणि जाळण्याचे हाल कुळांचे, नफा मालकांचा. बेटांवरच्या जमीनदारांच्या दिवाणखान्यांकडे पाहताना या राखेचा विसर पडू नये. टँकरनेस हाउसमध्ये बेकींचा दिवाणखाना आणि ग्रंथालय आजही राहत्या घरासारखं मांडून ठेवलं आहे. सोळाव्या शतकातल्या जाड भिंतींच्या आत नंतरच्या काळाची सभ्य, नीटस, पुस्तकांनी भरलेली खोली. इंग्रजी धाटणीच्या सममितीची हौस बाहेरच्या अंगाला पुरवणं जुन्या भिंतींनी शक्य ठेवलं नव्हतं, ती आतल्या खोल्यांत पुरवून घेतली गेली. मला यात घराचं भाग्य दिसतं. अधिक पैसा असता किंवा मोकळी जागा असती, तर कदाचित जुनं पाडून नवं, सपाट तोंडाचं घर उभं राहिलं असतं आणि १५७४ ची कमान कुठल्या तरी बागेतली शोभा होऊन बसली असती.

संग्रहालय

विसाव्या शतकाच्या मध्याला घराण्याचं इथलं राहणं संपलं. एवढं मोठं, जुनं, ओलीने आणि छपराच्या वजनाने खर्चात पाडणारं घर छोट्या शहरात कोण घेणार? कर्कवॉलच्या नगरपरिषदेने पुढाकार घेतला, घराची डागडुजी झाली आणि १९६८ साली तिथे संग्रहालय उघडलं. १९७५ नंतर ऑर्कनीची बेटांची परिषद आली आणि संग्रहालय तिच्याकडे आहे. आधी टँकरनेस हाउस म्युझियम, आता ऑर्कनी म्युझियम.

१९६० च्या दशकात ब्रिटनमधली कित्येक शहरं आपली जुनी वस्ती पाडून रस्ते रुंद करत होती. त्या काळात एका नगरपरिषदेने असं घर पदरात घ्यावं, याचं मोल मोठं आहे. ज्या शहराने कॅथीड्रल पाचशे वर्षं सांभाळलं त्याला समोरचं घरही आपलंच वाटलं, असा मी त्याचा अर्थ लावतो.

तरी राहतं घर आणि संग्रहालय यांच्या गरजा जुळत नाहीत. संग्रहालयाला मोठी दालनं, सरळ मार्ग, नियंत्रित हवा, सर्वांना जाता येईल अशी सपाट जमीन हवी असते. इथे मिळाल्या लहान लहान खोल्या, वेगवेगळ्या पातळ्या, जिने आणि ओल धरणारा दगड. हे सगळं त्या मूळ दोन घरांचं देणं.

लहान खोल्यांचा तोटा मात्र इथे बऱ्यापैकी फायद्यात बदलला. ऑर्कनीचा इतिहास अश्मयुगापासून पिक्ट, व्हायकिंग, मध्ययुग, आधुनिक काळ असा टप्प्याटप्प्याने सांगायचा आहे. एकेका खोलीला एकेक काळ सहज मिळतो. मोठ्या दालनात ज्या वस्तू हरवून गेल्या असत्या त्यांना लहान खोलीत जवळून पाहता येतं. सँडे बेटावर स्कार इथे १९९१ साली एक व्हायकिंग नौका-दफन उकरलं गेलं. त्यात एक पुरुष, एक वृद्ध स्त्री आणि एक मूल होतं. तिथे मिळालेली देवमाशाच्या हाडाची कोरीव पाटी या संग्रहालयात आहे. दोन प्राण्यांच्या माना वळून समोरासमोर आलेल्या, त्यांच्यावर कोरलेल्या पट्ट्या. अशी वस्तू हातभर अंतरावरूनच पाहायला हवी. सेंट मॅग्नसच्या अस्थी १९१९ मध्ये कॅथीड्रलच्या एका खांबात सापडल्या. त्या ज्या लाकडी पेटीत होत्या ती पेटी रस्ता ओलांडून या घरात आली आहे. पेटीपासून खांब चालत गाठता येतो, हे भाग्य फार थोड्या संग्रहालयांना मिळतं.

जिन्यांचा प्रश्न मात्र गोड बोलून सुटणारा नाही. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला किंवा गुडघे दुखणाऱ्या आजींना अशा घराच्या वरच्या खोल्या दुरापास्तच. लिफ्ट घालायची तर कुठली तरी जाड भिंत किंवा जुना जिना बळी पडणार, नाही घातली तर शहराच्या पैशाने चालणारं संग्रहालय शहरातल्या काहींना बंद. माझं मत असं की मूळ दोन घरांच्या सांध्यापाशी, जिथे नंतरच्या काळाचं बांधकाम आहे, तिथेच असा बदल शोधावा. फुल्झीच्या आधीच्या भिंतींना हात लावू नये आणि नंतरच्या जोडकामालाही त्यांच्याइतकंच पवित्र मानू नये. जतन म्हणजे प्रत्येक दगडाला सारखं मोल देणं, असं मी मानत नाही.

दुसरी गोष्ट, संग्रहालयाचं नाव बेटांचं झालं, वस्तू बेटांच्या झाल्या, त्यात घर हे नुसतं कवच होण्याचा धोका असतो. बेकींच्या दोन खोल्या तो धोका काही प्रमाणात टाळतात, पण त्या घराचं फक्त एक वय दाखवतात, शेवटचं आणि सर्वांत सुखवस्तू. आर्चडीकनचं घर कुठे संपलं आणि उपगायकाचं कुठे सुरू झालं, हे भेट देणाऱ्याला चौकात उभं राहून समजावं, यासाठी फरशीत एक वेगळ्या रंगाच्या दगडाची रेघ पुरेल. असं काम स्वस्त असतं आणि मुलांना ते चटकन कळतं.

बागेतला पाहुणा

घरामागच्या बागेत आज शंकूच्या माथ्याची एक छोटी छपरी उभी आहे, 'ग्रोटी हूस'. ती इथली नाही. अठराव्या शतकात ती शहरातल्या दुसऱ्या एका बागेत बांधली गेली आणि अलीकडे इथे हलवली. तिचे दगड म्हणजे समुद्री चाचा जॉन गाव याच्या 'रिव्हेंज' गलबताचा तोल राखायला तळाशी भरलेले दगड, असं सांगतात. हा चाचा १७२५ साली ऑर्कनीतच, काफ ऑफ ईडे या बेटापाशी पकडला गेला आणि लंडनमध्ये फासावर गेला. छपरीच्या माथ्यावर समुद्रातले शिंपले आणि कवड्या लावलेल्या आहेत. लहान कवडीला तिकडे 'ग्रोटी बकी' म्हणतात, त्यावरून हे नाव. अशी कवडी सापडणं शुभ मानतात आणि वाळूत ती शोधत फिरणं हा तिथल्या लोकांचा आवडता उद्योग आहे.

इमारत तिच्या जागेवरून उचलून दुसरीकडे नेणं जतनाच्या नियमांत शेवटचा पर्याय मानतात, आणि ते बरोबर आहे. तरीही इथे मी हलवण्याच्या बाजूने आहे. तिची मूळ बाग तिला सांभाळायला उरली नव्हती. आणि ज्या घराच्या आवारात ती आली ते घरही वेगवेगळ्या हातांच्या तुकड्यांतून जमलेलं आहे. चाच्याच्या गलबतातले दगड इथे परके दिसत नाहीत. काळजी करायची ती एवढीच, की शिंपले धरून ठेवणारा चुना दर काही वर्षांनी पाहावा लागतो आणि तो चुनाच ठेवावा लागतो. सिमेंट लावलं तर खारट वाऱ्यात सांधा शाबूत राहतो आणि शिंपला फुटतो. चुना लावला तर सांधा झिजतो, तो पुन्हा भरता येतो.